आधी सेल बघा, मग टॉर्च

भिंतीवरच्या घड्याळात जो पेन्सिल सेल बसतो, त्याची जाडी १४.५ मिलिमीटर आणि लांबी ५०.५ मिलिमीटर. मालवणात घ्या, मिरजेत घ्या नाहीतर मेलबर्नला, माप तेच! १९०७ साली हा आकार अमेरिकेत बाजारात आला. त्यानंतर त्याच्यावर चालणारे ट्रान्झिस्टर आले, वॉकमन आले, कॅमेरे आले आणि एकेक करून माळ्यावर गेले. सेल मात्र अजून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात लटकतो आहे. खिशात मावणारा स्वस्त टॉर्च शोधताना माझा सगळा भर याच एका गोष्टीवर असतो. रात्री नऊ वाजता, धो धो पावसात, गावातल्या शेवटच्या उघड्या दुकानात जो सेल मिळेल, त्याच्यावर टॉर्च चालला पाहिजे.

कागदाची नळी आणि पितळेचा आरसा

हातात धरायच्या टॉर्चचं अमेरिकन पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल यांना मिळालं. कागदाच्या नळीत एकामागे एक ठेवलेले मोठे सेल, टोकाला इवलासा दिवा आणि त्यामागे पितळेचा ओबडधोबड परावर्तक, एवढाच संसार. कंपनी होती कॉनराड ह्यूबर्ट यांची. ते रशियन साम्राज्यातून न्यूयॉर्कला आलेले स्थलांतरित. त्यांनी काही टॉर्च न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट दिले, पोलिसांना ते पसंत पडले आणि हाच धंदा पुढे ‘एव्हरेडी’ या नावाने जगभर पोचला. त्या काळातले सेल इतके अशक्त होते की टॉर्च क्षणभर लावायचा, विझवायचा, सेलला दम खाऊ द्यायचा आणि पुन्हा लावायचा!

दोन पेन्सिल सेलच्या टॉर्चला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९८४ मध्ये, ‘मिनी मॅगलाइट’मुळे. तो काढला अँथनी माग्लिका यांनी. जन्म न्यूयॉर्कचा, बालपण क्रोएशियातल्या झ्लारिन बेटावर. ॲल्युमिनियमचं दणकट अंग आणि डोकं फिरवलं की उजेड चालू. आज बाजारात दिसणाऱ्या शेकडो छोट्या टॉर्चचा घाट त्याच्यावरूनच आला आहे.

सेल मिळणं किती महत्त्वाचं, हे लंडनकरांनी १९३९ मध्ये अनुभवलं. युद्धामुळे शहरात दिवेबंदी झाली. काचेवर पातळ कागद लावून मंद केलेला टॉर्च वापरायला परवानगी होती. लोकांनी टॉर्च घेतलेही, पण त्यात बसणारे ‘नंबर ८’ सेल दुकानांतून गायब झाले. घरात टॉर्च होते आणि रस्त्यावर माणसं चाचपडत होती.

पेन्सिल की बारीक पेन्सिल?

घड्याळाचा तो एए, म्हणजे पेन्सिल सेल. टीव्हीच्या रिमोटचा तो एएए, म्हणजे बारीक पेन्सिल. दोन्ही १.५ व्होल्टचे, दोन्ही कुठेही मिळणारे. मग फरक कशात? वजनात आणि पोटातल्या विजेत. अल्कलाइन पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो, बारीक सेल त्याच्या निम्मा. विजेचंही तसंच, बारकुड्यात निम्म्याहून कमीच.

आता रस्त्यावर मिळणारा नऊ इवल्या दिव्यांचा टॉर्च आठवा. त्यात गोल पिंजऱ्यात तीन बारीक सेल बसतात. तीन म्हटल्यावर जास्त वाटतात, पण त्या तिघांच्या पोटात दोन पेन्सिल सेलांपेक्षा कमी वीज असते. पिंजऱ्याच्या पातळ पत्र्या सैल होतात, टॉर्च लुकलुकायला लागतो आणि आपण त्याला हातावर थोपटत बसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एक किंवा दोन पेन्सिल सेलचा टॉर्च घ्या. चावीच्या जुडग्याला लावायचा असेल तर एका बारीक सेलचाही चालेल, पण घरातला मुख्य टॉर्च तो नव्हे.

यूएसबीवर चार्ज होणारे टॉर्च सध्या सगळीकडे दिसतात आणि दिसतात छानच. अडचण अशी की स्वस्त टॉर्चमध्ये आतली बॅटरी बहुधा पक्की बसवलेली असते. दोन-चार वर्षांत ती थकली की अख्खा टॉर्च कचऱ्यात. आणि वादळात तीन दिवस वीज नसेल तर तो चार्ज करायचा कुठे? कोकणातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

दीड व्होल्टवर तीन व्होल्टचा दिवा

पांढरा एलईडी पेटायला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि सेल देतो दीड. तरी एका सेलचे टॉर्च झकास चालतात. ते कसं? आत नखाएवढं सर्किट असतं. ते विजेचा दाब वाढवून एलईडीला पुरवतं. हे सर्किट चांगलं असेल तर सेल एक व्होल्टच्या खाली घसरेपर्यंत त्यातली वीज निपटून घेतं. दोन सेलच्या अगदी स्वस्त टॉर्चमध्ये मात्र ते नसतं. तीन व्होल्ट थेट एलईडीला जोडलेले असतात आणि सेल थोडे उतरले की उजेड पिवळट न होता नुसता मलूल होत जातो.

यातूनच एक खरेदीची कसोटी निघते. नेहमीचे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४. बिनसर्किटाचा टॉर्च त्यांच्यावर जेमतेम मिणमिणतो. तुमच्या घरी रिचार्जेबल सेल असतील तर दोन खिशात घालून दुकानात जा आणि तिथेच लावून बघा. उजेड ठणठणीत पडला तर आत सर्किट आहे, घेऊन टाका.

आणि या पांढऱ्या उजेडामागे चक्क नोबेल आहे! पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळ्या प्रकाशद्रव्याचा थर देतात आणि निळा-पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. निळा एलईडी घडवल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दीडदोनशे रुपयांच्या टॉर्चमध्ये एवढं मोठं विज्ञान बसलेलं असतं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. झूमच्या टॉर्चने भिंतीवर चौकोन पडतो ना? तो चौकोन म्हणजे त्या एलईडीच्या चिपचीच मोठी केलेली प्रतिमा. तुम्ही भिंतीवर नोबेलविजेता शोध बघत असता.

‘हजार लुमेन’ला गणित घाला

हा भाग जरा निवांत वाचा, कारण पैसे इथेच वाचतात.

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. एक मेणबत्ती सुमारे १२ लुमेन देते. आजोबांच्या काळातली दोन मोठ्या सेलांची स्टीलची बॅटरी, जिचा झोत आंब्याच्या शेंड्यापर्यंत जायचा, तिचा दिवा किती लुमेनचा होता? सुमारे १०. मेणबत्तीपेक्षा कमीच! सगळी करामत परावर्तकाची. चहूकडे सांडणारा उजेड त्याने एका दिशेला गोळा केला, एवढंच.

आता सेलकडे या. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण ३ वॉट-तास वीज असते. टॉर्चमधला चांगला एलईडी एका वॉटमागे १०० लुमेनच्या आसपास देतो. गुणाकार करा, ३०० लुमेन-तास झाले. म्हणजे एका सेलवर ५० लुमेन लावले तर कागदावर सहा तास, आणि सर्किटातली गळती धरली तर चार-पाच. १०० लुमेन लावले तर त्याच्या निम्मे.

मग एका पेन्सिल सेलच्या टॉर्चवर ‘१००० लुमेन’ छापलेलं असेल तर? त्यासाठी दहा वॉट लागतील. दीड व्होल्टच्या सेलमधून सात-आठ अँपिअर ओढावे लागतील. अल्कलाइन सेल तेवढा प्रवाह टिकवूच शकत नाही, बिचारा क्षणात मान टाकेल. छापील आकडा भौतिकशास्त्रात बसत नाही, म्हणून तो टॉर्च खाली ठेवा. ज्या खोक्यावर ६०, ८०, १२० असे साधे आकडे दिसतील, त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणखी एक दिलासा. डोळ्याला दुप्पट उजेड जाणवायला प्रत्यक्षात दुपटीहून कितीतरी जास्त लुमेन लागतात. १०० आणि १५० मधला फरक शेजारी शेजारी धरल्याशिवाय कळतही नाही. रात्री उठून पाणी प्यायला पाच लुमेन पुष्कळ, पायवाटेला ३० ते ५०, गडावर चढताना १००. त्यामुळे मोठ्या आकड्यापेक्षा मंद उजेडाची सोय असलेला टॉर्च शोधा. दोन पायऱ्या पुरेत, मंद आणि लख्ख. लुकलुकणारी तिसरी पायरी असली की टॉर्च बंद करताना दर वेळी ती डोळ्यांवर आदळते.

पौर्णिमेचा मापदंड

खोक्यावर ‘झोत १०० मीटर’ असं लिहितात, ते मोजतात कसं? अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं मानक ठरलं. त्यानुसार, ज्या अंतरावर उजेड ०.२५ लक्सवर येतो, तिथे झोत संपला असं धरायचं. आणि ०.२५ लक्स म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेचं चांदणं! शंभर मीटरवर चांदण्याएवढा उजेड पडेल, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. शंभर मीटरवरचा माणूस ओळखू येईल असं तो म्हणत नाही. छापील अंतराचं निम्मंच धरून चाला.

याच मानकातली दुसरी गंमत तासांची. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ म्हणजे टॉर्च ‘चालण्याचा’ वेळ. म्हणून ‘१० तास’ असं लिहिलेलं असलं तरी त्यातले बरेच तास मिणमिणते असू शकतात.

सेलच्या पोटात भंडारा जिल्हा

लहानपणी जुना सेल फोडून आतली काळी कांडी कोणी काढली नाही? त्या कार्बनच्या कांडीने फरशीवर लंगडीची घरं आखली जायची. कांडीभोवतीची काळी पूड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. आपल्याकडे त्याचा मोठा साठा विदर्भात आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मॉइल ही सरकारी कंपनी हे खनिज काढते, आणि सेलसाठी लागणारं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तिथेच तयार करते. मॉइलचं मुख्यालय नागपूरला. नागपूरकरांनो, टॉर्चच्या उजेडात तुमचाही वाटा आहे.

साध्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं आणि तेच वीज बनवताना झिजत जातं. भांडंच सरपण! म्हणूनच विसरलेला सेल शेवटी फुटतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. अल्कलाइन सेलची रचना वेगळी. तो घडवला कॅनडात जन्मलेल्या लुइस अरी यांनी, अमेरिकेतल्या एव्हरेडीच्या प्रयोगशाळेत, १९५० च्या दशकात. साहेबांना पटवायला त्यांनी दोन खेळण्यातल्या मोटारी आणल्या. एकीत जुना सेल, दुसरीत नवा. उपाहारगृहात शर्यत लागली. जुन्या सेलची मोटार थोडक्यात थांबली, नवीची फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिली आणि साहेब पटले.

दुकानात दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे. सेलवर बारीक अक्षरांत ‘आर ६’ असेल तर तो साधा, ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाइन. बारीक सेलवर ‘आर ०३’ आणि ‘एलआर ०३’. अल्कलाइन महाग पडतो, पण टॉर्चमध्ये साध्याच्या कितीतरी पट टिकतो. घड्याळाला आणि रिमोटला साधा भरपूर झाला. उलट टॉर्चने टाकून दिलेला अल्कलाइन सेल घड्याळात घालून बघा, पुढे बरेच महिने चालतो. घड्याळाची भूक फारच कमी असते.

एक सावधगिरी. ‘१४५००’ असा आकडा असलेला लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो (१४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब, म्हणून हा आकडा). पण तो ३.७ व्होल्टचा. साध्या टॉर्चमध्ये घातला तर एलईडी जळू शकतो.

उन्हातले सेल आणि उसळणारे सेल

अंगणात कठड्यावर वाळत घातलेले सेल! हा उपाय खुळा नव्हता. साधा सेल थोडा विसावला की आतली रसायनं सावरतात, आणि उबेने रासायनिक क्रिया वेग घेते. त्यामुळे घटका-दोन घटका उजेड परत यायचा. अल्कलाइनवर मात्र हा प्रयोग नको, तापला तर तो गळायचीच भीती जास्त.

अल्कलाइनची परीक्षा वेगळी. सपाट बाजू खाली करून दोन-तीन सेंटिमीटरवरून टेबलावर सोडा. नवा सेल ‘थप्प’ बसतो, वापरलेला टणकन उसळतो. आतलं जस्त ऑक्साइड होऊन कडक होतं, म्हणून. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचा नीट अभ्यास केला. त्यांना दिसलं की साधारण अर्धा सेल संपेपर्यंतच उसळी वाढते, मग तेवढीच राहते. म्हणजे उसळला तो सेल मेला असं नाही, फक्त नवा नाही.

नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका, ही सूचना मात्र अक्षरशः पाळा. दुबळा सेल रिकामा झाला तरी जोरकस सेल त्याच्यातून प्रवाह रेटत राहतो आणि दुबळा गळतो. अल्कलाइनची पांढरी पूड दिसली तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरडं करा. ती पूड क्षारीय असते, आंबटाने निवते. पावसाळ्यासाठी ठेवलेल्या टॉर्चमध्ये सेल आणि पत्रीच्या मध्ये कागदाचा कपटा घालून ठेवला तर टॉर्च आपोआप लागत नाही.

दुकानात उभ्या उभ्या

टॉर्च लावा आणि हलवा. उजेड थरथरला तर नको. मागचं झाकण उघडा, आटे हाताला खरखरीत लागले तर नको. झाकणाच्या खोबणीत रबराची कडी दिसली पाहिजे. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतील, ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बुडाशी सपाट असेल तर उत्तम, कारण टॉर्च टेबलावर उभा करून उजेड पांढऱ्या छताकडे सोडला की सगळी खोली उजळते. पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली त्याच्यावर ठेवली तर कंदीलच. पट्टी ओवायला भोक हवंच.

सह्याद्रीतली रात्र

धुक्यात कपाळावरचा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्यातल्या थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. टॉर्च कमरेजवळ धरा, वाट दिसेल. दुधाळ निळसर उजेडापेक्षा किंचित पिवळसर उजेड चिखल, दगड आणि पाचोळा वेगळा दाखवतो. पाचोळ्यात काय आहे ते दिसणं महत्त्वाचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. मण्यार रात्रीच फिरतो, आणि शेतीपंपाची वीज रात्री आली की शेतकऱ्याला पाणी धरायला रात्रीच जावं लागतं. त्याच्या खिशात चांगला टॉर्च आणि दोन जादा सेल असावेत, असं मला फार मनापासून वाटतं.

काही ठिकाणी मात्र टॉर्च खिशातच राहू द्या. मे-जूनमध्ये राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे बघायला जाता ना? काजव्यांची जोडीदाराशी चाललेली चमकती बोली तुमच्या झोताने तुटते. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात. वाट दिसायलाच हवी असेल तर काचेवर लाल जिलेटीन कागद लावून उजेड पायाशीच ठेवा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, लाल उजेडाने ती मेहनत फारशी वाया जात नाही.

उलट एक टॉर्च असा आहे की जो अंधारातच खरी कमाल दाखवतो. एका पेन्सिल सेलवर चालणारा जांभळट, अतिनील. त्याच्या झोतात विंचू हिरवट निळा चमकतो, कारण त्याच्या कवचातली द्रव्यं अतिनील किरण शोषून दिसणारा प्रकाश सोडतात. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश पूर्वी अनेकांच्या जिवावर बेतायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यावरचे उपचार बदलले. दंशच टाळायचा तर कौलारू घरात, दगडी गडग्याशी, बाहेर ठेवलेल्या चपला-बुटांत रात्री हा जांभळा झोत फिरवून बघा. तो कुणाच्या डोळ्यांत पाडू नका आणि मुलांच्या हातात खेळायला देऊ नका.